पात्यावरची चीर

हे मी चार वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. सुनंदाला मी न सांगितलेल्या गोष्टी सहसा कळतात. ही कळली नाही. किंवा कळली असेल, आणि मी कधी बोलतोय याची ती वाट बघत असेल. तेही मी विचारलेलं नाही.

माझी पुतणी पल्लवी. तिच्या उजव्या डोळ्याला चार वर्षांपासून धुरकट दिसतं. माझा ड्रोन तिच्या तोंडावर पडला, हे आमच्या सगळ्या गोतावळ्याला माहीत आहे. तो का पडला, हेही माहीत आहे. पल्लवीच्या आईनं, म्हणजे माझ्या वहिनींनी, खंडेनवमीच्या पूजेत त्या ड्रोनला हळदीकुंकू वाहिलं आणि ती पावडर मोटरीत गेली. हे कारण घरात मान्य आहे, कारखान्यात मान्य आहे आणि एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत छापूनही आलेलं आहे.

ते खोटं आहे. आणि ते माझं आहे.

कुठून सांगू? आधी माझ्याबद्दल सांगावं लागेल. ते मला फारसं अवघड जात नाही, हाच माझा जुना दोष आहे. मी कॉलेजात ग्रंथपाल. तीस वर्षं पुस्तकांत काढली आणि समारंभांवर हसण्यात. सोलापुरात हसायला समारंभ कमी पडत नाहीत. एका कार्यक्रमात मी अकरा सत्कार मोजले होते. शेवटचा सत्कार हार पुरवणाऱ्याचा होता. असलं काही पाहिलं की मी चारशे शब्द लिहायचो, पुरवणीवाले छापायचे, आणि सोमवारी स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणायचं, सर, काय उतरवलीत त्यांची. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू — आता तरी?

पन्नाशीला मी तो छोटा कॅमेऱ्याचा ड्रोन घेतला. पावशेराच्या आतला, तळहातावर मावणारा. आणि तो घेतला तसं मी त्याचं शास्त्रही घेतलं. उडवण्याआधी काय काय तपासायचं, याची चौदा मुद्द्यांची यादी टाइप केली आणि तिला प्लॅस्टिकचं आवरण चढवून घेतलं. बॅटरी भरलेली आहे का. नकाशात ती जागा उड्डाणाला मोकळी आहे का. पुरेसे उपग्रह सापडले का. परत यायची उंची आसपासच्या टाकीपेक्षा नि तारांपेक्षा जास्त आहे का. वारा किती. खाली माणसं आहेत का. प्रत्येक मुद्द्यापुढे चौकोन आणि त्यात पेननं बरोबरची खूण. अण्णा, माझा थोरला भाऊ, म्हणायचा, तू उडवतोयस का सत्यनारायण घालतोयस? मी म्हणायचो, पोथी आणि यादी यात फरक असतो अण्णा, यादी खरी असते.

किती छान वाक्य होतं ना?

त्या यादीत चौथा मुद्दा पात्यांचा. चारही पाती नखानं चाचपायची. कुठं चीर, कुठं खाच लागली तर पातं बदलायचं. चिकटवायचं नाही, बदलायचंच. हे मी स्वतः टाइप केलेलं होतं.

अण्णाचा चिंचोळीच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. त्या वर्षी त्यानं नवे चार माग बसवले होते. खंडेनवमीला पूजा, आणि मागांचं उद्‌घाटन करायला एक पुढारी. पुढारी म्हटल्यावर मंडप आला, स्पीकर आला, फेटे आले. मी अण्णाची भरपूर टिंगल केली. पण पुढाऱ्याच्या आगमनाचं वरून चित्रण करायचं, सगळ्या कामगारांचा आणि घरच्यांचा एक फोटो आकाशातून घ्यायचा, ही कल्पना कुणाची? माझी. मी पंधरा दिवस सगळ्यांना ती ऐकवत होतो. दुसऱ्यांचा डामडौल मला लांबून दिसतो. माझा मला कधीच दिसला नाही.

दोन दिवस आधी हिप्परग्याच्या तळ्याकाठी ड्रोन एका बाभळीला घासला होता. खंडेनवमीच्या सकाळी कारखान्याच्या ऑफिसात बसून मी यादी काढली आणि पात्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. एका पात्याच्या बुडाशी केसाएवढी चीर. जादा पाती आधीच संपलेली, नवी मागवलेली पण आलेली नव्हती.

बाहेर जाऊन सांगायचं होतं — आज उडवता येणार नाही. एवढंच. पुढारी तसाही दीड तास उशिरा आला. कुणाचं काय अडलं असतं? अण्णानं एखादा टोमणा मारला असता, लोक हसले असते. तेच मला नको होतं. आजवर हसायचं काम माझ्याकडे होतं.

टेबलाच्या खणात झटपट चिकटणारा गोंद होता. मी थेंबभर चिरेत सोडला, पातं चिमटीत धरून ठेवलं. वाळल्यावर चीर दिसेनाशी झाली. मग मी चौथ्या चौकोनात बरोबरची खूण केली.

ती खूण मी कुणासाठी केली? यादी बघणारा मी एकटाच होतो.

पूजा झाली. वहिनी अक्कलकोटकडच्या, माहेरची भाषा कानडी, मराठी आमच्या घरात येऊन शिकल्या. खंडेनवमीला त्या एकाही वस्तूला वगळत नाहीत. माग झाले, बॉबिनी झाल्या, कात्री, तराजू, पल्लवीचा संगणक झाला. पल्लवी तेव्हा त्याच्यावर टॉवेलच्या नक्षी काढायची. बारीक बारीक चौकोन भरत तासन्‌तास बसायची. शेवटी वहिनी माझ्या ड्रोनपाशी आल्या.

"हे बी यंत्रच हाय की, भावजी. त्यानं काय पाप केलंय?"

मी हसून पुढं केला. त्यांनी पाठीवर विभूतीची तीन बोटं ओढली, त्याखाली हळदीकुंकू टेकवलं. त्या वळल्यावर मी ब्रशनं ते सगळं झाडलं. हे नीट ऐका, कारण सगळं इथं आहे. मीच झाडलं. मोटरी चार टोकांना असतात, कुंकू मधोमध लावलं होतं, आणि उडण्याआधी त्याचा एक कणही त्यावर नव्हता. ब्रश माझ्या हातात होता.

पुढारी आला, नारळ फुटला, भाषण झालं. मग फोटो. सगळ्यांना आवारात दाटीनं उभं केलं. खाली माणसं आहेत का — हाही मुद्दा यादीत होता. मी ड्रोन बरोबर त्यांच्या डोक्यावर नेला, खाली घेतला, आणखी खाली घेतला, आणि ओरडलो, सगळे जण वर बघा.

म्हणून ती वर बघत होती.

पातं तुटल्याचा आवाज मोठा नसतो. काडी मोडावी तसा. ड्रोन गरगरत सरळ खाली आला, उरलेली पाती फिरतच होती. मी तुम्हाला त्याच्या पुढचं वर्णन करणार नाही. ते करायचा हक्क पल्लवीचा आहे, आणि तिनं ते कधी केलेलं नाही. पुढारी काळजी घ्या म्हणून गाडीत बसला. त्याच्यावरही मी नंतर लिहिलं. बाकी सगळ्यांवर लिहायला मला वेळ होता.

तुकडे मीच गोळा केले. तुटलेल्या पात्याच्या कडेला गोंद चकाकत होता. ते मी खिशात घातलं, आणि दवाखान्याच्या फाटकाशी कचऱ्याच्या डब्यात टाकलं. म्हणजे घाबरून तोंडातून काहीतरी निघून गेलं, असं मला म्हणता येणार नाही. पुरावा मी आधी टाकला. बोललो त्यानंतर.

डॉक्टर आत होते. अण्णा भिंतीला टेकून उभा. त्यानं विचारलं, कशानं पडलं रे ते? मी म्हणालो, मोटरीत काहीतरी गेलं असणार. धूळ, पावडर, असलं काही. पावडर हा शब्द मी कसा उच्चारला? तो आपोआप आला नाही. मी तो शोधला, आणि तो मला लगेच सापडला, कारण अशा वेळी कुणाच्या माथी मारायचं हे माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला पाठ असतं.

वहिनी बाकावर होत्या. त्यांनी मान वर केली.

"कुंकू व्हय?"

मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "असू शकतं."

दोनच शब्द. कसे सावध, कसे शास्त्रीय. ठाम काही म्हटलेलं नाही, कुणावर आरोप नाही. वहिनींनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. बोटांना सकाळचं कुंकू अजून होतं. त्या उठून नळाकडे गेल्या, आणि बऱ्याच वेळानं परत आल्या.

एवढ्यावर थांबलो असतो तर निदान नुसता भेकड ठरलो असतो. मी थांबलो नाही. महिन्याभरानं मी पुरवणीत लेख लिहिला: यंत्राला टिळा लावणाऱ्या समाजाबद्दल. नाव अर्थातच नाही, 'एका परिचित कुटुंबात' असं. लेख फार गाजला. एका व्याख्यानमालेत मला बोलावलं, शाल दिली, हार घातला. तो हार मी घालून घेतला. अण्णाच्या घरी तो लेख पोचला, तेव्हा वहिनींना मराठी छापील मजकूर भरभर वाचता येत नाही म्हणून पल्लवीनं एका डोळ्यानं तो त्यांना वाचून दाखवला. हे मला सुनंदानं सांगितलं. मी विचारलं, काय म्हणाल्या? सुनंदा म्हणाली, काही नाही, बरोबर लिहिलंय म्हणाल्या.

शंका फक्त एकानं घेतली. नरसय्या, अण्णाचा जुना जॉबर, मागांची दुरुस्ती बघणारा तेलुगू माणूस. पुढच्या वर्षी कारखान्यात भेटला तेव्हा म्हणाला, "सर, तीस वर्षं मागाला कुंकू लावतोय की आमी. एकबी माग बंद पडला न्हाय. तुमचं इमान लई नाजूक दिसतंय." भोवतीचे हसले. मीही हसलो आणि उडणाऱ्या यंत्राचं कसं वेगळं असतं, यावर पाच मिनिटं बोललो. तो ऐकून घेत होता. हात पुसत होता. त्याला कळलं होतं, असं मला तेव्हाही वाटलं.

त्या वर्षी वहिनी पूजेला शेडमध्ये आल्या नाहीत. मग संक्रांतीला बायका हळदीकुंकवाला आल्या, तर त्यांनी वाण दिलं, कुंकू लावायला शेजारणीला पुढं केलं. हळूहळू ती घरातली रीतच झाली: करंडा वहिनींचा, बोट दुसऱ्या कुणाचं. पल्लवी चिडायची. आई, तू काय मुद्दाम केलंस का, म्हणायची. तिनं आईला माफ केलं होतं. बघा म्हणजे, कसं असतं. ज्या गोष्टीची माफी द्यायचीच नव्हती ती त्या पोरीनं देऊन टाकली, आणि ती मी शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकली.

नक्षीचं काम तिनं सोडलं. बारीक चौकोन दिसेनात. आता ती एका ऑफिसात फोन घेते.

या मे महिन्यात तिचं लग्न झालं. हळदीच्या दिवशी तिला पाटावर बसवलं, आईनं पहिलं कुंकू लावायचं होतं. वहिनी ताट घेऊन पुढं आल्या, थांबल्या, आणि ताट सुनंदाच्या हातात दिलं.

"तू लाव गं. माझा हात नको आज."

बायका म्हणाल्या, असं काय करता. वहिनी मागं सरकल्या. पल्लवीनं मान खाली घातली. मी दोन हातांवर उभा होतो. चार वाक्यं पुरली असती. तिथंच, सगळ्यांदेखत. माझ्याकडे वेळ होता. सुनंदा ताट हातात घेऊन क्षणभर माझ्याकडेच बघत होती. मी काय केलं? जेवणाचं कुठवर आलंय ते बघून येतो म्हणालो आणि स्वयंपाक्यांकडे गेलो. मठ्ठ्यात मीठ कमी आहे असं त्यांना सांगितलं.

त्यानंतरही चार महिने गेले.

गेल्या रविवारी दुपारी अण्णाकडे गेलो. अण्णा झोपला होता. वहिनी पुढच्या खोलीत सूप घेऊन शेंगदाणे निवडत होत्या. मी समोर बसलो आणि सांगितलं. सगळं, याच क्रमानं, काही न गाळता. अण्णाला आणि पल्लवीला त्याच संध्याकाळी सांगितलं. ते काय म्हणाले ते त्यांचं आहे, इथं लिहिणार नाही.

मी रडेन, हात जोडेन, असं मला वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. बोलून झालं तेव्हा वहिनींचं बोट सुपातल्या एका दाण्यावर थांबलेलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "म्हंजे पल्लूच्या हळदीला मी कुंकू लावलं असतं, तर चाललं असतं?"

मी म्हणालो, "चाललं असतं, वहिनी."

त्यांनी मान हलवली, सूप उचललं आणि आत गेल्या.