सांगलीची हळद आणि माझे पाय

खंबाटकीचा घाट चढताना एसटीतले सगळे पेंगत होते. मी मात्र जालन्यापासून टक्क जागी. एवढ्या लांब मी एकटीने कधी आलेच नव्हते.

आपल्या चर्चच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात राबताना मला पाहिलेलं आहे तुम्ही सगळ्यांनी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा सातवीत माझी शाळा सुटली, ती सुटलीच. रविवारच्या शाळेच्या बाई बदलून गेल्यावर पाळकसाहेब मला म्हणाले, पोरांचा वर्ग आता तुम्ही घ्या. मी म्हटलं, माझी लायकी नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हटलं. शेवटी ते म्हणाले, दुःखसहनाच्या आठवड्यात माझ्या बहिणीकडे सांगलीला जाऊन या, आणि ईस्टरच्या सकाळी उत्तर द्या. ते उत्तर पोटात घेऊनच मी निघाले होते: नाही.

साताऱ्यात उतरले तेव्हा उजाडत होतं. अजिंक्यतारा धुरकट उजेडात अर्धाच दिसत होता, खालचा अर्धा अजून झोपेत असल्यासारखा. स्टँडजवळ कंदी पेढ्यांचा (खरपूस भाजलेल्या खव्याच्या पेढ्यांचा) मोठा पुडा घेतला. माझी एक खोड आहे. कुणी काही दिलं की लगेच त्याच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय मला घास उतरत नाही.

साताऱ्याचं रेल्वे स्टेशन गावाबाहेर आहे. पॅसेंजरमध्ये फौजेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी मला खिडकीची जागा दिली. मी पेढा दिला. त्यांनी चहा पाजला. मी दुसरा पेढा काढला, तसे ते हसले.

"आवं ताई, च्या दिला तर निस्ता प्या की. तुमी तर हातोहात फेडाय लागलाय."

बाहेर तोडलेल्या उसाची रानं, मधेच पाचट पेटवल्याचा निळा धूर. कृष्णामाई दिसायची, वळायची, पुन्हा दिसायची. माझी आता कुठे झापड लागली. वाटलं, त्या धुरातून आपली पोरं रांगेने चालत येतायत, आणि प्रत्येकाच्या हातात रिकामं ताट आहे.

रहिमतपूरला जाग आली. बाटली भरायला नळावर उतरले, तेवढ्यात शिट्टी झाली. धावताना चपलेचा अंगठा तुटला आणि चप्पल डब्याखाली गेली. दुसरी मीच वैतागून टाकून दिली. समोर बसलेल्या म्हातारीने गाठोडं सोडून एक जोड पुढे केला. "घाल गं. सुनंच्या हायत्या, तिला दुसऱ्या हायत."

मी नको नको म्हटलं आणि तिच्या हातावर पेढा ठेवला. म्हातारीने पेढा खाल्ला, चपला परत गाठोड्यात कोंबल्या आणि फौजी काकांना म्हणाली, "पेढा ग्वाड हाय, पण बाई लय आखडू हाय."

डबा हसला. मीही हसले, पण ते लागलं. जन्मभर मला सगळ्यांनी गरीब गाय म्हटलं. आखडू कुणी म्हटलं नव्हतं.

सांगलीला पाळकसाहेबांच्या बहीण, सुशीलाताई, घ्यायला आल्या होत्या. त्या स्वतःच्या चपला काढून द्यायला लागल्या, तर मी म्हटलं, मला सवय आहे. त्यांचं घर मार्केट यार्डाच्या मागे. हळदीचा हंगाम चालू होता. पोत्यांच्या थप्प्या, धूळ बसावी म्हणून शिंपडलेलं पाणी, आणि सगळ्या हवेत पिवळा भुगा. उन्हाची तिरीप आली की अख्खा रस्ता तरंगल्यासारखा दिसायचा. घोट्यापर्यंत पिवळ्या झालेल्या बायका त्यातून शांतपणे ये-जा करत होत्या. मीही चालले, जमिनीला पाय लागत नसल्यासारखी.

घरी पोचून पाय दगडाने घासले. रंग हलला नाही. उरलेले पेढे ताईंच्या घरच्यांना वाटले आणि पुडा रिकामा झाला.

तो गुरुवार होता. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण करायचा. तिथल्या छोट्या चर्चमध्ये रीत अशी, की ज्याचे पाय धुतले त्याने पुढच्याचे धुवायचे. पहिलीच खुर्ची रिकामी होती. ताईंनी मला तिच्यावर बसवलं. तिथले म्हातारे पाळक परात घेऊन माझ्यापुढे गुडघ्यांवर बसले. मी पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"साहेब, मी तुमचे धुते. माझे नकोत."

ते हळूच म्हणाले, "बाई, गुडघे लय दुखत्यात माझे. पाय द्या, म्हंजे मला उठता यील."

शेजारच्या खुर्चीवरची बाई फिसकन हसली. माझा हात सवयीने पिशवीत गेला. पुडा हाताला लागला, रिकामा. द्यायला काही म्हणजे काहीच नव्हतं.

मी पाय पुढे केला.

परातीतलं पाणी पिवळं झालं. ते कोमट होतं. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा ते धुवत होते. मला रडू आलं. तेव्हा समजलं, की आजवर मी ज्याला नम्रपण समजत होते ती निव्वळ भीती होती, कुणाचं काही आपल्या अंगावर राहील याची. देवाचंसुद्धा. त्याने जे आधीच दिलंय त्यापुढे मी आयुष्यभर पेढे धरत आले होते.

मग परात माझ्याकडे आली. शेजारची ती हसणारी बाई हळदीच्या यार्डातलीच निघाली. मी तिची टाच घासायला लागले तर म्हणाली, "घासू नगा बाई. हंगाम सपल्याबिगर हळद जात न्हाई. निस्तं पानी घाला, ग्वाड वाटतंय."

मी नुसतं पाणी घातलं.

परत निघताना सुशीलाताईंनी त्यांच्या चपला पुढे केल्या. मी पाय सरकवले आणि म्हटलं, "बरं." एवढा एकच शब्द, पण जालना येईपर्यंत तो मला पुरला. रात्रभर गाडीत त्या चपला पायांत होत्या. थोड्या सैल होत्या.

ईस्टरच्या सकाळी चर्चच्या पायरीवर पोरांनी मला घेरलं. मावशी, पायाची नखं पिवळी कशाने झाली? मी खाली बसले आणि रहिमतपूरच्या नळापासून सांगायला लागले. म्हातारी आली, परात आली. घंटा झाली तरी कुणी हललं नाही. पाळकसाहेब दारात उभे होते. त्यांनी उत्तर विचारलं नाही.

"मग प्रभूने कुणाकुणाचे पाय धुतले, मावशी?" एका पोरीने विचारलं.

"ते पुढच्या रविवारी," मी म्हटलं. आणि काय बोलून गेले, ते मग माझं मलाच ऐकू आलं.