माझ्या दाढीचं तेल

मला दाढी आहे. मी बाई आहे, चाळिशीकडे झुकलेली, ठाकुर्लीत आईबरोबर राहते आणि ठाण्यात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये नोकरी करते. हे असं एका दमात सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग माझ्या हनुवटीकडे बघतो, मग दुसरीकडेच कुठेतरी. त्याला काय तो वेळ मी देते.

पहिले केस कॉलेजात असताना आले. आई मला डोंबिवलीत फडके रोडच्या मागच्या एका पार्लरमध्ये घेऊन गेलेली. पार्लरवाल्या ताई आधी पडदा ओढायच्या आणि मगच दोरा हातात घ्यायच्या. पुढे डॉक्टरांकडे खेपा झाल्या, पीसीओडी निघाला, गोळ्या झाल्या, ठाण्याला जाऊन लेझर झालं. केस कमी व्हायचे आणि परत यायचे. कातडी मात्र दर वेळी थोडी खराब व्हायची. हनुवटीखाली फोड, फोडात आत वळलेले केस, वर काळे डाग. शेवटी स्किनच्या डॉक्टर म्हणाल्या, "आता काही महिने तिथे काही करू नका. दोरा नको, वॅक्स नको, रेझर नको. कातडीला जरा जगू द्या."

"आणि केस?"

"वाढतील," त्या म्हणाल्या.

वाढले. मी मास्क लावून ऑफिसला जायला लागले. कोविड मागे पडलेला, त्यामुळे कोणी विचारलं तर धुळीची ॲलर्जी सांगायचे. मास्कखाली घाम यायचा आणि घामाने खाज सुटायची. एका दुपारी साहेबांना जीएसटीचा घोळ समजावून सांगत होते. खाज इतकी वाढली की मी मास्क काढला, टेबलावर ठेवला आणि पुढचा मुद्दा बोलायला लागले. साहेब माझ्याकडे बघत राहिले, मग कागदाकडे बघून "हं" म्हणाले. बाहेर आले तर शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने हळूच विचारलं, "अगं, हे ठेवणारेस?"

"ठेवणारे," मी म्हणाले. ते तोंडून बाहेर पडेपर्यंत माझं मलाही माहीत नव्हतं.

दाढी ठेवणं म्हणजे नुसतं न काढणं, असं मला वाटायचं. तसं नसतं. केस राठ झाले, खालची कातडी कोरडी पडून तिचा कोंडा पडायला लागला. आईने खोबरेल पुढे केलं, कारण तिच्याकडे सगळ्यावर तोच इलाज. खोबरेलाने चारच दिवसांत नवे फोड आले. मग माझा धाकटा भाऊ आमच्याकडे आला असताना मी त्याच्या बॅगेतली बिअर्ड ऑइलची बाटली उघडली. त्याची दाढी दाट आणि त्याला तिचा भारी अभिमान. त्या तेलाला तंबाखूचा आणि चामड्याचा वास होता. ते लावलं आणि दिवसभर कुणा परक्या माणसाच्या जॅकेटात तोंड खुपसून बसल्यासारखं वाटलं.

"ताई, ते माझं आहे," भाऊ म्हणाला.

"मग मी माझं आणते."

डोंबिवली स्टेशनजवळच्या एका मोठ्या दुकानात गेले. पुरुषांच्या कप्प्यात तेलांची रांगच होती. बाटल्यांवर सिंह, कुऱ्हाडी, मिशीवाल्या कवट्या. एवढ्याशा केसांना कुणाशी युद्ध करायचं होतं कोण जाणे. सेल्समन कप्प्याकडे बघतच म्हणाला, "मिस्टरांसाठी का मॅडम? दाट आहे की पॅची?"

"पॅची. हनुवटीवर दाट, गालांवर विरळ. आणि कातडीला काहीही लगेच लागतं."

त्याने एक सोनेरी झाकणाची बाटली काढली. "हे खूप जातं. गिफ्ट पॅक करू?"

"नको. मलाच लावायचंय."

आता त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. मी तिथून हलले नाही. एकेक बाटली घेऊन मागचं बारीक लेबल वाचत उभी राहिले, मागे दोन-तीन गिऱ्हाइकं खोळंबली तरी. मला वास नको होता, खोबरेल नको होतं, केस वाढवायचं आश्वासन तर अजिबातच नको होतं. शेवटी जोजोबा आणि बदामाचं एक साधं तेल मिळालं, ज्याच्या बाटलीवर कुठलंही जनावर नव्हतं. घरी आल्यावर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबले. काही झालं नाही तेव्हाच ते हनुवटीपर्यंत पोचलं.

सुरुवातीला मी इतकं लावायचे की कुर्त्यांच्या गळ्यांना डाग पडले. मग अंदाज आला. आंघोळीनंतर केस अजून दमट असताना थोडे थेंब तळव्यावर घ्यायचे, दोन्ही हात चोळायचे, आधी बोटांनी कातडीला लावायचं आणि हाताला जे उरेल ते केसांवरून खाली ओढायचं. इतकी वर्षं माझा हात त्या जागेवर जायचा तो केस शोधायला आणि उपटायला. आता तो तिथे काही न शोधता फिरत होता. हळूहळू खाज गेली, डाग फिकटले. आई दारातून बघायची आणि निघून जायची.

मग मावसबहिणीचं लग्न ठरलं. मावशी मोहन्याला राहते, काका तिथल्या जुन्या रेयॉनच्या कारखान्यात होते. बहिणीने मला केव्हाच सांगून ठेवलेलं की करवली तू. लग्नाच्या आधी मावशीचा आईला फोन आला. आईने तो स्पीकरवर टाकला, मुद्दाम की चुकून, मला कळलं नाही.

"तिला म्हणावं, तेवढा चेहरा साफ करून ये," मावशी म्हणाली. "एका दिवसाचा प्रश्न आहे. मुलाकडचे काय म्हणतील?"

आईच्या आधी मीच बोलले. "मावशी, मुलाला दाढी आहे का गं?"

"आहे. का?"

"तो साफ करून येणारे?"

"वेड्यासारखं बोलू नकोस."

"मग मीही नाही करणार. करवली नको असेन तर तसं सांग, मी पाहुणी म्हणून येते. पण चेहरा हाच येईल."

बहिणीचा वेगळा फोन आला. "ताई, तू आहेस तशी ये. फक्त आईशी तूच भांड, माझ्यात ताकद नाहीये." ते मला पटलं. सगळ्यांनी सगळं एकदम लढायची गरज नसते.

आंबिवलीच्या हॉलमध्ये मी मोरपंखी पैठणी नेसून, हातात कऱ्हा घेऊन नवरीच्या मागे उभी राहिले. पोरंसोरं खिदळली. मुलाकडच्या एक बाई माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या आणि मीही त्यांच्याकडे बघत राहिले, शेवटी त्यांनीच अक्षता टाकायच्या निमित्ताने मान वळवली. लग्न लागलं. माझ्यामुळे काही मोडलं नाही.

महिन्याभराने अल्बम आला. मी उघडला आणि स्टेजवरच्या फोटोत स्वतःला शोधायला लागले. पैठणी माझी होती. तिच्यावर गुळगुळीत हनुवटीची एक गोरी बाई बसवलेली. शेजारी नवरदेवाच्या दाढीतला एकेक केस चमकत होता.

मी कल्याणला फोटोग्राफरच्या स्टुडिओत गेले. फोटोग्राफर नम्र होता. "मॅडम, आम्ही सगळ्यांचंच क्लीन करतो. डाग, मुरुम वगैरे. आणि घरच्यांनीही सांगितलेलं."

"घरच्यांनी म्हणजे?"

"नवरीच्या आईंनी."

"फोटोत मी आहे ना? मग मला विचारायचं."

"तुम्हाला बरं वाटेल म्हणून..."

"मला बरंच वाटत होतं. तुम्ही चेहरा काढून घेतलात. मूळ फोटो उघडा."

त्याने उघडला. त्या मोठ्या स्क्रीनवर मी पहिल्यांदाच स्वतःला तशी पाहिली. दाढी काळीभोर, विंचरलेली, आणि नजर समोर. तो स्क्रीनकडे वाकला आणि म्हणाला, "हा चांगला आलाय खरं तर." मी म्हणाले, "मग हाच छापा." तो पान नव्याने छापून द्यायला तयार झाला. बहिणीने आपल्या अल्बममध्ये ते बदलून घेतलं. मावशीने तिच्या अल्बममध्ये गोरी बाईच ठेवली.

एक मोठी प्रत मी फ्रेम करून घरी आणली. ती कुठे लावायची यावर मी काही बोलायच्या आत आईने हॉलमधलं जुनं कॅलेंडर काढलं आणि त्या खिळ्यावर फ्रेम अडकवली. पुढच्या रविवारी मावशी आली. सोफ्यावर बसली आणि तिची नजर वर गेली.

"ताई, आल्यागेल्यासमोर हा फोटो कशाला?" ती आईला म्हणाली.

आई चहा गाळत होती. तिने वर पाहिलंही नाही. "माझ्या लेकीचा आहे. तुला आवडत नसेल तर तुझ्याकडे दुसरा आहे ना, तो बघ."

मावशीने चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली आणि उजेड असतानाच कल्याणची रिक्षा धरली.