अण्णांचा बंद सर्व्हर

लिंबूभाताचा वास आला की चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातली ती दुपार आठवते. माझ्या शेजारी तंजावरी मराठी बोलणारे अण्णा बसत. वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेल्या त्यांना कंपनीने सांगितलं होतं, तीन महिन्यांत डेव्हऑप्स, म्हणजे सर्व्हर चालवणं-सांभाळणं शिका आणि परीक्षा पास व्हा, नाहीतर नोकरी सोडा. व्हिडिओ बघून त्यांनी दोन वह्या भरल्या होत्या, पण सर्व्हरला हात लावायला ते घाबरत. परीक्षेच्या आदल्या दिवशी डब्यातला लिंबूभात खाताखाता मला म्हणाले, "तंबी, धाकट्या भावासारखा आहेस, एकदा शिकव की." मी सरावाचा सर्व्हर मुद्दाम बंद पाडला. "आता तुम्हीच चालू करा. असंच शिकता येतं." त्यांची एक कमांड चुकली, मग दुसरी. मला मीटिंगला उशीर होत होता. मी कीबोर्ड ओढून घेतला आणि दोन मिनिटांत सर्व्हर चालू केला. "समजलं ना?" त्यांनी मान डोलावली आणि सगळं वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत तसाच बंद सर्व्हर समोर आला, आणि वही आत नेऊ देत नव्हते. अण्णांना तो चालू करता आला नाही, आणि महिनाअखेरीस त्यांची खुर्ची रिकामी झाली. आता नव्यांना मीच शिकवतो. कुणी अडखळलं तरी कीबोर्डला हात लावत नाही. अण्णांचा नंबर अजून माझ्याकडे आहे, पण फोन करून आता त्यांना काय सांगू?