कोरड्या तीन काठ्या

आमच्या चौकीचे हवालदार सगळं आपल्या काठीनं मोजतात. आठवडी बाजार त्यांनी चाळीस काठ्या सांगितला, तेव्हा मी टेप लावून पाहिला. वीतभरही चूक नव्हती.

यंदा निधी एकाच बांधकामापुरता होता, गळकी चौकी किंवा शाळेच्या खोल्या. बीडहून साहेब पाहणीला आले, तर हवालदारांनी त्यांना आधी शाळेतच नेलं आणि व्हरांडा मोजून दाखवला.

"सहा काठ्यांत तीन वर्ग बसतेत, साहेब."

"आणि तुमची चौकी?"

"गळती हाय. पण चोर कुठं तक्रार करतेत?"

शाळेच्या खोल्या झाल्या. परवाच्या पावसात हवालदार चौकीत खुर्ची सरकवत होते.

"किती सरकवली?" मी विचारलं.

"काठीभर. अजून तीन काठ्या कोरड्या हायेत की!"