ताटाची डावी बाजू

संगणकाच्या पडद्यावर माझ्या बायकोच्या डोक्याची चित्रं एकामागून एक सरकत होती. एका चित्रावर ठाण्याचे न्यूरोसर्जन थांबले. उजवीकडे, कानाच्या बराच वर, लिंबाएवढा पांढरा गोळा होता.

"काका, हा ट्यूमर. मेनिंजिओमा वाटतोय, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढलेली गाठ. बहुतेक वेळा कॅन्सर नसतो, पण नक्की काय ते गाठ काढून तपासल्यावरच कळेल. मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू सांभाळते. म्हणून मावशींचं डावीकडे लक्षच जात नाहीये."

सुनंदा शेजारी शांत बसली होती. डाव्या खांद्यावरचा पदर घसरला होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

आता माझा मूर्खपणा सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. डोंबिवलीच्या आमच्या घरात दीड महिना ताटाची डावी बाजू रिकामी येत होती. उजवीकडे भाजी, आमटी व्यवस्थित. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, काहीच नाही. मला ब्लडप्रेशर आहे, तेव्हा मी समजलो, हिने माझं मीठ-लोणचं बंद केलं. चार लोकांत तिचं कौतुकही करून आलो. वाटलेली चटणी ओट्यावर तशीच राहिलेली दिसायची. मी बघायचो आणि मुकाट्याने जेवायचो.

डोकं दुखायचं, ते तिने चष्म्याच्या नंबरवर ढकललं. पुढे डाव्या दंडाला दाराच्या चौकटी लागायला लागल्या, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितला. त्यात क्ष-किरणांनी डोक्याचे पातळ काप दिसतात. मेंदूला सूज दिसली, म्हणून मग कॉन्ट्रास्ट एमआरआय. यात किरण नसतात, मोठं लोहचुंबक असतं. शिरेतून एक औषध टोचतात, त्याने गाठ उजळून दिसते. आधी रक्त तपासून किडनी ठीक आहे ना, ते बघतात.

माजिवड्याच्या स्कॅन सेंटरमध्ये यंत्राच्या बोगद्यात सुनंदा घाबरून हलली. चित्रं पुसट आली, पुन्हा काढावी लागली. मी बाहेर तिचं मंगळसूत्र आणि बांगड्या रुमालात बांधून बसलो होतो. बऱ्याच ठिकाणी नातेवाइकाला आत बसू देतात. मला विचारायचं सुचलंच नाही. तुम्ही विचारा.

ऑपरेशन पाच तास चाललं. गाठ साधी निघाली, ग्रेड वन. मोठ्या शिरेला चिकटलेला एक कण डॉक्टरांनी मुद्दाम ठेवला. तो वाढतोय का, हे दर सहा महिन्यांनी एमआरआय करून बघायचं.

"आणि डावी बाजू?" मी विचारलं.

"वेळ लागेल, काका. काहींची पूर्ण सुधारते, काहींची थोडी राहते."

ते 'थोडी राहते' माझ्या मनातून जाईना. फिजिओथेरपी सुरू झाली. चालताना डाव्या पायातली चप्पल निसटायची आणि ही तशीच पुढे जायची. मी मागून चप्पल उचलायचो. देवाने बायको परत दिली, आणखी काय मागायचं, असं स्वतःला बजावायचो आणि तरी मागायचो.

सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय. या वेळी मी विचारलं. घड्याळ, पट्टा, चिल्लर बाहेर ठेवायला लावून टेक्निशियनने मला आत घेतलं. "मावशी, अजिबात हलायचं नाही हां."

यंत्र ठाकठाक वाजायला लागलं. चादरीखाली सुनंदाची पावलं थरथरताना दिसली. माझ्या बाजूला जे पाऊल होतं ते मी हातात घेतलं. आमच्याकडे नवरा बायकोच्या पायाला हात लावत नाही. एरवी तिने पाय झटकन ओढून घेतला असता, पण इथे हलायची सोय नव्हती. संपेपर्यंत मी ते सोडलं नाही.

रिपोर्ट चांगला आला. कण होता तेवढाच होता. "झकास. सहा महिन्यांनी या," डॉक्टर म्हणाले. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

रिक्षात बसल्यावर सुनंदाने आधी मला वाकून नमस्कार केला आणि मग रागावली.

"अहो, पायाला हात लावतात का? पाप कुणाला लागेल?"

"तू घाबरली होतीस."

"घाबरले तर घाबरले. आणि धरायचाच होता तर उजवा धरायचा. सारखा डावाच काय दाबत होतात? मुंग्या आल्या मला."

रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारलं. मी तिच्या डाव्या पावलाकडेच बघत होतो, तेव्हा तिनेच सांगितलं, "ठाणे स्टेशन."