गोल्फची तारीख आणि म्हशीची धार

धाकट्यानं कॅनडातून फोन केला, तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. थोरल्यानं फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. धाकट्याच्या मागं खिडकी दिसत होती आणि खिडकीबाहेर बर्फ. घरात असून याच्या अंगात दोन स्वेटर.

"माय, जानेवारीत आठ दिवस गोव्याकडं जाऊ. सगळे मिळून. ऊन, समुद्र, आराम. मले आता ऊन पाहिजे वो, हाडं गोठली माही."

"ऊन पाहिजे तर मे महिन्यात ये. पत्र्याखाली बसवीन तुले."

त्याला मे महिना चालणार नव्हता. कारण हळूहळू बाहेर आलं. त्याला तिथं गोल्फ खेळायचा होता. तिकडचे त्याचे चार दोस्त त्याच आठवड्यात येणार होते आणि समुद्राला लागून असलेलं मैदान त्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. म्हणजे गोल्फ पहिला ठरला आणि माय मागून आठवली. मी तसं तोंडावर सांगितलं. तो हसला. नाही म्हणाला नाही.

गोल्फ म्हणजे काय ते त्यानं समजावलं. मोठ्या मैदानात अठरा भोकं असतात. एक पांढरा चेंडू काठीनं मारत मारत एकेका भोकात घालायचा. अठरा झाली की खेळ संपला.

"पळा लागते का?"

"नाई माय, चालाचं."

"आन मैदान केवढं?"

"आपल्या दोनी वावरांच्या दसपट असन."

"एवढ्यात पेरते काय?"

"गवत."

"कापून कोनाले देते?"

"कोनाले नाई. कापते आन फेकते."

थोरली सून चुलीपाशी भाकरी थापत होती. इतका वेळ तिनं मान वर केली नव्हती. आता केली. "फेकते?" ती म्हणाली. "आपली म्हैस सोडा म्हना आठ दिवस. भोकंसुद्धा साफ करीन."

या बेतानं पहिला पछाडला गेला तो थोरला. त्याचं वय पन्नास. धाकट्यानं त्याला गोल्फचे व्हिडिओ पाठवले आणि "दादा, तुलेही खेळवतो" म्हणाला. झालं. थोरल्यानं बाभळीचं एक वाकडं लाकूड तासलं आणि खळ्यात लिंबं मारायला लागला. सकाळी तूर झोडायची सोडून लिंबू. महिनाभर घरात लोणच्याला लिंबू उरलं नाही. एक लिंबू उडून शेजाऱ्याच्या दारात पडलं, तेव्हा शेजारी हातात चिमटा घेऊन आला. चिमट्यात लिंबू.

"काऊन बे, माह्या दारात लिंबू काऊन टाकून राह्यला? करनी करतो का काय?"

"गोल्फ आहे बे तो!"

"गोल्फ असो का काय असो, बुधवारी टाकत जाय. अमोशाले नको टाकू."

दहाएक दिवसांनी धाकट्यानं फोनवर यादी पाठवली. कोण कोणत्या गाडीनं येणार, कोण कोणत्या खोलीत झोपणार, कोण कधी गोल्फला आणि कोण कधी समुद्रावर. थोरल्यानं ती बोटानं वरखाली केली आणि "झकास" म्हणाला. मी चौथीपर्यंत शिकले. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून मी प्रत्येक नाव वाचते. धाकटा, त्याची बायको, त्यांची दोन पोरं, थोरला, पुण्यात शिकणारी माझी नात आणि मी. परत वाचलं. थोरल्या सुनेचं नाव नव्हतं.

"हिचं नाव कुठी आहे?" मी विचारलं.

"तिचं कसं जमन?" थोरला म्हणाला. "म्हैस आहे ना."

धाकट्याला विचारलं तर तो म्हणाला, "वहिनी कुठीच येत नाई ना माय, म्हनून मी धरलंच नाई."

सून बाहेर भांडी घासत होती. तिथूनच म्हणाली, "मले नाई वो जमत." तिला कोणी विचारलं नव्हतं, पण उत्तर तयार होतं.

तर म्हशीचं सांगते. ही म्हैस सुनेशिवाय कोणाला दूध देत नाही. हिची आईही तशीच होती. सून लग्न होऊन आली तेव्हापासून बावीस वर्षं सकाळची धार आणि संध्याकाळची धार तिच्याच हातची. शेगावला दर्शनाला जायची, तर पहाटेची धार काढून पहिल्या एसटीनं, आणि संध्याकाळी धारेच्या आत परत. सख्ख्या भावाच्या लग्नात मंगलाष्टकं झाली, पंगतीत दोन घास खाल्ले आणि तीनच्या गाडीनं घरी. तिच्या माहेरी अजून ते बोलून दाखवतात. खरं सांगायचं तर ते मला सोयीचं होतं. घरची बाई घरात राहते, दूध वेळेवर मिळतं, म्हणून मी कधी तोंड उघडलं नाही. त्या यादीत तिचं नाव दिसलं नाही तेव्हा मला माझाच राग आला आणि तो मी थोरल्यावर काढला.

"ती आली तरच मी येईन," मी सांगितलं. "नाई तर तुम्ही जा आन मारा लिंबं."

आता गंमत झाली. सगळा बेत मायसाठी आहे असं धाकट्यानं बायकोला सांगून ठेवलेलं. माय नाही म्हटल्यावर गोल्फही बुडतो. त्यानं घाईघाईनं तोडगा काढला. "म्हैस विकून टाका ना."

सुनेनं फोनजवळ येऊन सांगितलं, "भाऊजी, तुम्ही तुमच्या त्या काठ्या विका." आणि चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. तो "वहिनी आहे का" विचारायचा आणि ही शेजारी बसून "नाई" म्हणायची.

तारखा पुढं ढकल म्हटलं, तर मैदान मिळत नाही. "अठरा भोकं पळून जातात का?" मी विचारलं. त्यावर तो बराच वेळ इंग्रजीत काहीतरी बोलला, बहुतेक बायकोशी. शेजारणीला धारेला बसवून पाहिलं. म्हशीनं बादली अशी उडवली की शेजारीण दोन दिवस आमच्या दारावरून गेली नाही.

"मंग म्हैस कोन पाहीन?" थोरला म्हणाला.

"तू," मी म्हटलं. "पन्नास वर्षं तिचं आन तिच्या माय-आजीचं दूध प्याला."

"मले गोल्फ खेळाचा आहे माय."

"तिले समुद्र पाहाचा आहे."

"तिनं कधी म्हटलं?"

मी सुनेकडं पाहिलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. म्हणाली, "पाहाचा तर आहे." एवढंच. बावीस वर्षांत थोरल्याला हे माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याची शिकवणी सुरू झाली. जायला तीन आठवडे होते. पहिल्या दिवशी त्यानं सरकीची ढेप भिजवून ठेवली, वगार म्हणजे म्हशीचं पारडू सोडलं, वगार प्याली, म्हशीला पान्हा फुटला. हा खाली बसला आणि म्हशीनं दूध चोरलं. दगडासारखी उभी. शेवटी सून बसली, तेव्हा बादली भरली.

मग मी म्हटलं, हिची साडी नेस. माझ्या माहेरी एका चुलत्यानं असं केलं होतं. म्हैस वास ओळखते. थोरला म्हणाला, मेलो तरी नेसणार नाही. तिसऱ्या दिवशी नेसला. सुनेची जुनी हिरवी साडी, धोतरावरून गुंडाळलेली, डोक्यावर पदर, पदराखाली मिशा. तेवढ्यात शेजारी कुंपणावरून डोकावला.

"काय वहिनी, तब्येत वाढली काय वो?"

"जाय बे तिकडं!" थोरला ओरडला. आवाज ऐकून म्हशीनं मान वळवली, त्याच्याकडं नीट पाहिलं आणि पाय झाडला.

साडी ठीक होती, आवाज चुकत होता. सून धार काढताना म्हशीशी बोलते. सगळ्याच बाया बोलतात, त्यात विशेष नाही. पण काय बोलते ते कोणी ऐकलं नव्हतं. थोरल्यानं तिलाच विचारलं. ती म्हणाली, "काई नाई, असंच." सांगेना. तेव्हा संध्याकाळी मी आणि थोरला गोठ्याच्या कुडामागं उभे राहिलो. चोरून ऐकणं चांगलं नाही हे मला माहीत आहे, पण दिवस थोडे राहिले होते.

सुनेचा आवाज धारेच्या आवाजात मिसळून येत होता. "खाय वो बाई, खाय. तू तरी वेळेवर खाय. सांगून सांगून थकली मी, मोटर बंद करा, मोटर बंद करा. कानात बोळे घातले त्या मानसानं. गहू बुडाला अर्धा. आन म्हातारीचं तर विचारू नको. दात एक नाई, पन तोंड दिवसभर चालते. भाजीत मीठ कमी, भाजीत मीठ जास्त. खाय, खाय. तुले काई मीठ लागत नाई..."

थोरल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी कुडाकडं पाहिलं. दातांचं काही खोटं नव्हतं. मोटरचंही नव्हतं.

पुढच्या सकाळी थोरला साडी नेसून बसला. हळू आवाजात, इकडंतिकडं पाहत त्यानं सुरू केलं. "खाय वो बाई. माह्या नवऱ्याले अक्कल नाई. मोटर बंद करत नाई."

म्हैस रवंथ करत राहिली. थेंबही नाही.

सून दारात येऊन उभी राहिली. आपलं बोलणं चोरून ऐकलं हे तिच्या लक्षात आलं. मला वाटलं आता भांडण. पण तिनं तोंडावर पदर धरला आणि तिचे खांदे हलायला लागले.

"तसं नाई," ती म्हणाली. "मनातून म्हना."

"मनातून कसं म्हनू?"

"मी भावाच्या लग्नातून परत आली ना, त्या दिवशी तुम्ही मले काय म्हटलं होतं ते आठवा."

थोरला थांबला. काय म्हटलं होतं ते मला माहीत नाही. त्याला आठवलं असावं. तो म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून इतक्या हळू बोलायला लागला की आम्हाला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं बादलीच्या बुडाला पहिली धार लागली. त्या दिवशी अर्धी बादली मिळाली. पुढं कधी अर्धी, कधी पाऊण, कधी नुसती लाथ. भरवसा काही नव्हता, पण धाकट्यानं यादीत थोरल्याचं नाव खोडून सुनेचं घातलं.

मग सुनेची तयारी. तिथं काय घालतात, तर धाकट्याची बायको म्हणाली काहीही घाला. काहीही म्हणजे काय ते तिनं सांगितलं नाही. सुनेनं चिखलीहून पाण्यात चालतील अशा रबरी चपला आणल्या आणि घरात घालून पाहिल्या. थोरल्यानं बाभळीची काठी आढ्याला खोचून ठेवली. दोन दिवस जेवताना तोंड पाडून होता. मी समजूत घातली नाही.

निघायच्या दिवशी सकाळची धार सुनेनं काढली आणि दुपारी शेजाऱ्यानं आम्हा दोघींना जीपनं शेगाव स्टेशनवर सोडलं. गाडी संध्याकाळची. पाच वाजले तशी ती उठबस करायला लागली. साडेपाचला फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन आली. सहाला तिनं फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"देलं का?"

"देलं ना," थोरला म्हणाला.

"वगार सोडली होती आधी?"

"सोडली."

"बादली भरली?"

"काठोकाठ. आताच उचलून ठेवून राह्यलो."

आणि बादली ठेवल्याचा आवाज आला. मी साठ वर्षं बादल्या उचलल्या. भरलेली बादली ठेवली की धप्प वाजते, रिकामी खणखणते. ही खणखणली.

मी सुनेकडं पाहिलं. मला ऐकू आलं ते तिला आलं नसेल असं होणं शक्य नाही. तिचा हात पिशवीच्या बंदावर गेला. शेगावहून आमच्या गावाला त्या वेळी जीप मिळते, हेही तिला माहीत होतं.

गाडी आली. लोक दाराशी रेटायला लागले. सुनेनं पिशवी उचलली आणि माझ्या आधी ती वर चढली. वरून हात दिला. "चला ना आत्याबाई, खिडकी जाईन."

खिडकी मिळाली. ती बसली, फोन काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "हा तुमच्यापाशी असू द्या. वाजला तर तुम्हीच बोला."

नांदुरा यायच्या आधी तो वाजला.

"माय, तिले दे जरा."

"ती झोपली," मी सांगितलं. "तू पदर नीट घे आन परत बस."

"पन माय, म्हनू काय मी म्हशीले?"

"आठव अजून काई," मी म्हटलं आणि फोन बंद केला. सून समोर बसून चिवडा खात होती. तिनं पुडा माझ्याकडं सरकवला.

"मीठ बराबर आहे," मी म्हणाले.