तीन कोनशिलांचं गाव

गणपत ओव्हाळांच्या टेबलावर गेलेलं ड्रॉइंग रक्तबंबाळ होऊनच परत येतं, असं ऑफिसात म्हणायचे. मस्कतमधल्या एका सल्लागार कंपनीत ते बावीस वर्षं हेच काम करत होते. दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंगं तपासायची, लाल पेनाने चुका दाखवायच्या. रस्ते, त्यांच्याखालच्या मोऱ्या, वादीचं, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याचं, पाणी काढून देणारे नाले. अल अमेरातच्या नव्या वस्तीतली कितीतरी गटारं त्यांच्या नजरेखालून गेली होती. चूक सापडली की त्यांना आधी कीव यायची. पण ती फार वेळ टिकत नसे, चहा येईपर्यंत तिचा तिरस्कार झालेला असायचा.

तिरस्काराला त्यांच्याकडे तोटा नव्हता. न वाचता सही करणारा मॅनेजर, दरवर्षी आपल्याच कार्यकारिणीला आदर्श कार्यकर्ता पुरस्कार देणारं मस्कतचं मराठी मंडळ, ‘इन्शाल्ला’ म्हणून तारीख पुढे ढकलणारा कंत्राटदार, यातलं कुणी सुटत नसे. बायको सुलोचना म्हणायची, "तुम्हाला माणूस दाखवला तरी त्याच्यातलं लिंटल वाकडं दिसतं."

एकच माणूस त्यांना सहन व्हायचा. शेजारच्या टेबलावरचा नेस्तोर दुमागिल. हा फिलिपिनो ड्राफ्ट्समन, वय सेहेचाळीस, मान खाली घालून काम करणारा. त्याच्या ड्रॉइंगात चूक काढायला ओव्हाळांना खरोखर शोधावं लागायचं, म्हणून अकरा वर्षं दोघांचं जमलं होतं. दुपारी डबा उघडला की नेस्तोर थोडा भात त्यांच्याकडे सरकवायचा, ते एक भाकरी त्याच्याकडे. बोलणं इंग्रजीत, तेही मोजकं.

गेल्या वर्षी डिसेंबरात नेस्तोरने त्यांच्यापुढे एक जाड, गुळगुळीत पुस्तक ठेवलं. वर समुद्रकिनारा, मागे चर्च आणि मध्ये सोनेरी अक्षरं. बालिगांतो या त्याच्या गावाचा इतिहास, गावच्या नगरपालिकेनेच छापलेला.

"सर, एक चूक आहे," तो म्हणाला. "दुरुस्तीचं पत्र लिहायचंय. तुमचं इंग्रजी पक्कं असतं."

त्याने एकशे बाराव्या पानावर बोट ठेवलं. आजवरच्या मेयरांची यादी होती. आपल्याकडे नगराध्यक्ष, तिकडे मेयर. १९८६ समोर एक ओळ: ‘एउगेनियो दुमागित, शिक्षक, हंगामी.’

"हे माझे वडील. नाव एउसेबियो दुमागिल. पहिलं नाव चुकलं, आडनावही चुकलं."

"तुझे वडील मेयर होते?"

"चौदा महिने."

ओव्हाळांनी पुस्तक घरी नेलं आणि त्यांच्या सवयीप्रमाणे एकच ओळ तपासून ते थांबले नाहीत. वादी अदाईतल्या त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सबंध शनिवार ते लाल पेन घेऊन बसले. बालिगांतो म्हणजे मुळात कोळ्यांची चाळीस घरं. स्पॅनिश पाद्र्याने तिथे चर्च बांधलं, अमेरिकनांच्या काळात शाळा आली. १९५१ पर्यंत ते शेजारच्या गावाचा एक वॉर्ड होतं. मग खोबऱ्याचा व्यापारी सेव्हेरिनो मोंदारेस याने राजधानीत खेटे घालून वेगळी नगरपालिका करून आणली आणि पहिला मेयर तोच झाला. त्याच्यानंतर त्याचा भाऊ. भावानंतर मुलगा, तो तर लष्करी कायद्याची सगळी वर्षं, कारण निवडणुकाच नव्हत्या. मग मनिलात सत्ता पालटली, जुने मेयर काढले गेले, आणि शाळामास्तर दुमागिलना खुर्चीवर बसवण्यात आलं. निवडणूक आली तसा मोंदारेस परत आला. लागोपाठ तीन वेळांहून जास्त उभं राहायचं नाही असा कायदा झाल्यावर मध्ये एक खेप त्याची बायको, पुन्हा तो, मग त्याचा मुलगा, आणि आता सेव्हेरिनोची नातसून लिओनोरा. पंचाहत्तर वर्षांत एकच आडनाव, मध्ये चौदा महिन्यांचा एक मास्तर, आणि त्याचंही नाव धड छापलेलं नाही.

"गाव कसलं, मोंदारेसांचं रेशनकार्ड आहे हे," ओव्हाळ सुलोचनेला म्हणाले.

खरा शोध त्यांना संध्याकाळी लागला. पुस्तकात तीन नव्या टाउन हॉलांचे तीन फोटो होते. उद्घाटन १९७२, १९९४ आणि २०११. प्रत्येकात एक मोंदारेस फीत कापतोय आणि शेजारी नवी कोनशिला. ओव्हाळांनी तिन्ही फोटो भिंगाखाली धरले. पोर्चचे खांब तेच. खिडक्या पाच, तिसरी जराशी खाली, तिन्हीकडे. डाव्या खिडकीवरच्या लिंटलची तिरपी भेगसुद्धा तीच, फक्त दर वेळी नव्या रंगाखाली. एकच इमारत तीनदा नवी झाली होती.

सोमवारी त्यांनी ते नेस्तोरला दाखवलं. त्याने मान हलवली.

"हो सर. रंग दिला होता."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"आणि तुम्ही टाळ्या वाजवता?"

"जेवण असतं सर. डुक्कर भाजतात." मग म्हणाला, "आपण वडिलांच्या नावाचं पत्र लिहू या."

त्या क्षणापासून नेस्तोरही ओव्हाळांच्या मनातून उतरला. समोर एवढी लबाडी धडधडीत छापलेली आणि हा दोन अक्षरांसाठी अर्ज करतोय. पत्र त्यांनी लिहून दिलं, पण चिमट्याने उचलून द्यावं तसं.

या माणसाला कोनशिलेचा एवढा राग का, हे सुलोचनेशिवाय तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. ओव्हाळांचे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका गावात कोतवाल होते. बौद्धवाडीत समाजमंदिर बांधायचं म्हणून एका आमदाराने कोनशिला बसवली. पाच वर्षांनी दुसऱ्याने तिथेच दुसरी बसवली. मंदिर कधीच झालं नाही. दोन्ही वेळा कालवलेल्या सिमेंटचं घमेलं उचलून उभे होते ते वडीलच. दुसऱ्या खेपेला नऊ वर्षांच्या गणपतने सगळ्यांदेखत विचारलं, "आबा, आधीचा दगड हाय की." वडिलांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि पाहुण्यांकडे बघून हसले. ते हसू मुलाने आयुष्यभर माफ केलं नाही. वडील वारले तेव्हाही रडताना त्याला तेच आठवत होतं.

जानेवारीत बातमी आली की मेयर लिओनोरा दुबईहून परतताना मस्कतला दोन दिवस थांबणार आहेत. मे महिन्यात निवडणूक होती. परदेशातून पालिकेसाठी मत देता येत नाही, पण दर आठवड्याला घरी फोन करणाऱ्याचा शब्द घरात चालतो, हे बाईंना चांगलं माहीत होतं. बालिगांतोच्या लोकांनी मस्कतच्या रुवी भागात एका हॉटेलचा वरचा हॉल घेतला. शुक्रवारी दुपारी जेवण ठरलं.

"पत्राला उत्तर आलंय," नेस्तोरने सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड ओव्हाळांनी कधी पाहिला नव्हता. "दुसऱ्या आवृत्तीत नाव दुरुस्त करणार. त्या तिथे जाहीर करणार आहेत. सर, पत्र तुम्ही लिहिलं, तुम्ही या."

ओव्हाळ गेले. पुस्तक पिशवीत घालूनच गेले.

चाळीसेक माणसं होती. नर्सेस, पार्लरमधल्या मुली, दोन वेल्डर, सुट्टी मिळालेल्या घरकामवाल्या. मेयरबाई पन्नाशीच्या, पांढऱ्या कपड्यांत, प्रत्येकाचं नाव घेऊन गालाला गाल लावणाऱ्या. कुणाच्या आईचा गुडघा, कुणाच्या भावाचा अपघात, सगळं त्यांना पाठ. ओव्हाळांना हे पाठांतर बघून शिसारी आली. भाषणात बाई गावाबद्दल बोलल्या, नव्या ॲम्ब्युलन्सबद्दल बोलल्या, आणि मग नेस्तोरकडे हात करून म्हणाल्या, "आमच्या मास्तर-मेयरांचं नाव नव्या आवृत्तीत योग्य मानाने येईल." टाळ्या पडल्या. नेस्तोर उठून वाकला. पुढची दोन मिनिटं तो डोळे पुसत होता.

ते पाहून ओव्हाळांच्या आत काहीतरी तडकलं. वाकला. शेवटी हाही वाकला.

बाईंनी सौजन्य म्हणून विचारलं, "आमचे भारतीय पाहुणे दोन शब्द बोलतील का?"

ओव्हाळ उभे राहिले. पुस्तक उघडून त्यांनी तिन्ही फोटो एकेक करून सगळ्यांना दाखवले. साइटवर कंत्राटदाराशी बोलतात त्या आवाजात ते म्हणाले, "मी तपासनीस आहे. या तीन इमारती नाहीत, ही एकच इमारत आहे. भेगसुद्धा तीच आहे. मॅडम, मला एवढंच विचारायचंय, बाकीच्या दोन कुठे आहेत?"

मागे एक मुलगी फिसकन हसली आणि तिने तोंड दाबलं. दोघातिघांचे फोन वर आले.

मेयरबाईंचा चेहरा जराही हलला नाही. त्या गोड हसल्या. "इंजिनियरसाहेब, आमचं आमच्या टाउन हॉलवर इतकं प्रेम आहे की एकदा उद्घाटन करून आमचं पोट भरत नाही."

हॉल हशाने कोसळला. टाळ्या मघापेक्षा जोरात पडल्या. ज्यांना तीन वेळा फसवलं होतं तेच सगळ्यात मोठ्याने हसत होते. बाई नेस्तोरजवळ गेल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू विचारलं, "तुझे पाहुणे ना हे?"

नेस्तोर म्हणाला, "हो मॅडम."

जिन्यात ओव्हाळ त्याला म्हणाले, "कुणीतरी विचारायला हवंच होतं."

नेस्तोरने खाली येऊन त्यांच्यासाठी टॅक्सी थांबवली, दार उघडून धरलं आणि तो परत वर गेला.

घरी सुलोचनेने सगळं ऐकून घेतलं. ती मेथी निवडत होती.

"त्याच्या बापाचं नाव जाहीर झालं त्याच दिवशी विचारायचं होतं का?"

"खोटं ते खोटं. त्याला दिवस बघायचा असतो?"

"आपल्या वाडीत दोन दगड आहेत. एकावर तर मी लग्न होऊन आले तेव्हापासून धुणं वाळत घालतात. मोठे झाल्यावर गावातल्या कुणाला विचारलंत कधी?"

तिने देठांची जुडी बाजूला सारली. "मस्कतात बसून दुसऱ्याच्या गावाला विचारलंत. आबा तिथंच राहत होते. त्यांना रोज त्याच माणसांच्या दारावरून जायचं होतं."

अशा वेळी बायकोचाही तिरस्कार करता आला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. जमलं नाही.

मार्चमध्ये दुसरी आवृत्ती निघाली. नेस्तोरने एकशे बारावं पान छापून आणलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"तपासाल का सर?"

१९८६ ची ओळ नव्हती. एक मोंदारेस संपत होता आणि त्याच्याच खाली चौदा महिन्यांनी तोच मोंदारेस सुरू होत होता. मधले चौदा महिने गावाला मेयरच नव्हता, असंच कुणीही वाचलं असतं. टाउन हॉलचे तिन्ही फोटो मात्र जागच्या जागी होते.

"आधी चुकीचं नाव होतं," नेस्तोर म्हणाला. "आता नावच नाही. तुम्ही तपासनीस. यातलं बरं कुठलं?"

ओव्हाळांनी लाल पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. "मी पुन्हा पत्र लिहितो. माझ्या नावाने लिहितो, माफी मागून."

"नको सर."

"माझी चूक झाली, नेस्तोर."

"हो," तो म्हणाला आणि पान घडी करून घेऊन गेला. त्या दिवसापासून त्याचा डबा पँट्रीत उघडू लागला. ड्रॉइंगं तो वेळेवर द्यायचा, ‘सर’ म्हणायचा, आणि ड्रॉइंगांत चुका पूर्वीइतक्याच कमी असायच्या.

मे महिन्यात लिओनोरा मोंदारेस निवडून आल्या, आधीपेक्षा जास्त मतांनी. ओव्हाळांनी निकाल मोबाइलवर स्वतः शोधून काढला आणि बालिगांतोच्या तमाम मतदारांना मनातल्या मनात मेंढरं म्हणून टाकलं. त्यात त्यांना जरा बरंही वाटलं. तेवढ्यापुरतं जग ओळखीचं झालं.

जुलैत नेस्तोर महिन्याच्या रजेवर गेला. परत आल्यावर त्याने प्रत्येकाच्या टेबलावर सुकवलेल्या आंब्याचं पाकीट ठेवलं. ओव्हाळांच्याही ठेवलं. ते उठून त्याच्याजवळ गेले.

"घरी सगळे बरे?"

"बरे."

"आणि ते नाव..."

नेस्तोरने माउस सोडला. मार्चनंतर पहिल्यांदा तो त्यांच्याकडे वळून बोलला. "वडिलांनी मेयर असताना एकच काम केलं होतं. डोंगरातल्या झऱ्यावर टाकी बांधून बाजारापर्यंत नळ आणला. ती टाकी अजून चालते. एप्रिलमध्ये माझ्या बहिणीने तिच्यावर त्यांचं नाव रंगवलं, बरोबर नाव. पालिकेने चुना फासला. तिने परत रंगवलं. मी तिथे असताना चौथ्यांदा रंगवलं, शिडी मी धरली होती."

ओव्हाळांचे डोळे चमकले. "म्हणजे बहीण उभी राहिली त्या बाईच्या विरोधात. शाब्बास."

"नाही सर. मत तिने लिओनोरालाच दिलं."

"काय?"

"आईला फेब्रुवारीत रात्रीबेरात्री दोनदा हॉस्पिटलला न्यावं लागलं. लिओनोराने ॲम्ब्युलन्स पाठवली, दोन्ही वेळा, दहा मिनिटांत." नेस्तोर परत स्क्रीनकडे वळला. "टाकीवर नाव कोण लिहितं तेही लिओनोराला माहीत आहे."

ओव्हाळांनी तोंड उघडलं. या बाईला लबाड म्हणावं, बहिणीला लाचार म्हणावं, हे शब्द ओठांवर तयार होते. पण शिडीवर चढून चौथ्यांदा नाव लिहिणारी बाई त्या शब्दांत बसेना, आणि तिला मेंढरू म्हणायला त्यांची जीभ वळेना.

"मोरीचं ड्रॉइंग झालंय का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"चार वाजेपर्यंत देतो," नेस्तोर म्हणाला.

ओव्हाळ आपल्या टेबलाशी येऊन बसले. त्यांनी पाकीट फोडलं आणि आंब्याचा एक तुकडा तोंडात टाकला. तो फार गोड होता, आणि चावायला बराच वेळ लागत होता.